बाईंच्या हातची रेघ

बालवाडीत त्यांना सगळे चित्रांच्या बाई म्हणायचे. सव्वीस वर्षं त्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना चित्रकला शिकवली. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, 'खडू वाटले आणि गप्प बसले.' मुलाच्या कागदाला त्यांनी कधी हात लावला नाही. हत्तीला सात पाय आले तर सात. मूल जे सांगेल ते कागदामागे पेन्सिलीने लिहायचं, खाली तारीख घालायची, की झालं.

साफसफाई करणाऱ्या मावशी म्हणायच्या, "तुमचं बरंय बाई. पोरांनी रंग सांडायचा, मी पुसायचा आणि कौतुक तुमचं."

"मग या की माझ्या जागी."

"नको गं बाई! एवढ्या कार्ट्यांपुढे तोंड मिटून बसायचं? माझं पोट फुगेल."

बाई मुलांना टोपणनावं ठेवायच्या. मोठ्या गटातल्या एका मुलीला त्या गोगलगाय म्हणायच्या, कारण तिचं चित्र सगळ्यांच्या शेवटी व्हायचं. खडू एकदा टेकवला की ती उचलायची नाही. घर, झाड, आई, सगळं एकाच रेघेत. आणि दाबायची अशी, की दिवसाला एक खडू मोडायचाच.

"आवर की गं गोगलगाई. घरी नाही जायचं?"

"थांबा हो. रेघ अजून चाललीय."

त्या वर्षी चित्रांचं प्रदर्शन ठरलं. दोन दिवस आधी मुख्याध्यापिका कागद चाळायला आल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"अहो बाई, ही गिचमिड भिंतीवर लावायची? लांबून काही दिसतं तरी का? निदान कडा ठळक करा."

"मुलांच्या कागदावर मी हात चालवत नाही."

"मग पुढच्या वर्षी चित्रांचा तास कशाला हवा, असं पालकांनी विचारलं तर उत्तर तुम्ही द्या."

 बाईंनी जाड काळा स्केचपेन घेतला. बेचाळीस कागद होते. दोन दुपारी गेल्या.

गोगलगायीच्या कागदाशी त्या थबकल्या. घर होतं, दारात आई होती. पण रेघ फिकी होती आणि ठिकठिकाणी तुटलेली. खडू जणू हातातून निसटत होता. कंटाळली असेल, बाईंना वाटलं. अजून एकोणीस कागद व्हायचे होते. त्यांनी तुटलेल्या जागा जोडल्या आणि एका दमात सगळी रेघ गिरवली.

प्रदर्शनाचं कौतुक झालं. तास टिकला.

दोन महिन्यांनी गोगलगाय गेली. डोक्यात गाठ होती.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, मुलं घरी गेल्यावर, तिची आई वर्गात आली. लहानशा खुर्चीत अवघडून बसली.

"बाई, तिचं एखादं चित्र आहे का हो? घरी आणलेली सगळी मी टाकून दिली. पसारा व्हायचा. मला काय माहीत…"

प्रदर्शनातला तेवढा एक कागद उरला होता. बाईंनी कपाटातून काढून तिच्या हातात दिला. आईने तो आधी उलटा केला. मागची तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग सुलटा केला आणि काळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. दारातल्या आईपर्यंत बोट आलं आणि थांबलं.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, हातातला जोर कधी कमी झाला. मला सांगताच येईना. हे म्हणतात, आई असून तुला कळलं नाही? मला झोप लागत नाही, बाई. मी उशीर केला का, एवढंच डोक्यात फिरतं." तिने कागद बाईंसमोर धरला. "पण ही तारीख बघा. आणि ही रेघ. केवढी ठळक आहे! म्हणजे तेव्हा तिला काही नव्हतं ना? माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं ना?"

 सुटलं होतं ते बाईंच्या नजरेतून. त्या हाताची रेघ न् रेघ त्यांना पाठ होती. आईच्या आधी त्यांना दिसलं होतं, आणि त्यांनी ते काळ्या शाईने झाकून टाकलं होतं. खरं सांगायचं म्हणजे आईच्या हातात आज आलेला एवढासा दिलासा काढून घ्यायचा.

"हो ना, बाई?"

"हो," बाई म्हणाल्या. "हात तिचा असाच होता. दाबून काढायची."

आई रडली. बऱ्याच दिवसांनी मोकळं रडल्यासारखी. मग कागदाला सुरकुती पडू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरून निघून गेली.

मावशी फडकं घेऊन आल्या. "बाई, उठता का? खालची फरशी पुसायचीय."

बाईंना उठता येईना. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, फडकं बादलीत टाकलं आणि शेजारी फरशीवरच बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खडू लगेच वाटले नाहीत. एकेका मुलापुढे जाऊन बोट पुढे केलं. "हं, दाब बघू जोरात." आता हे रोज चालतं. मुलांना तो खेळ वाटतो. रांगेत ढकलाढकली होते. एका मुलीने परवा दोन्ही हातांनी इतकं आवळलं, की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखलं?" तिने घाबरून विचारलं.

"नाही गं. अजून दाब."