मधलं गाळलेलं

चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. अंधेरीतल्या एका ऑफिसात मी दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासते, ते कुठे अडकतं ते बघते आणि लिहिणाऱ्याच्या नावाने शंख करते. या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता. तो बाबांनी मोडला. तेही डोळ्यांना दिसत नसताना आणि आयुष्यात कॉम्प्युटरला हात न लावता.

बाबांची सगळी नोकरी भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून झाली. निवृत्तीनंतर काचबिंदूने नजर गेली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सकाळी डबा भरता भरता मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. वाचायचे म्हणजे काय, पळवायचे! मथळा, पहिली दोन वाक्यं, की पुढची बातमी. निधनवार्तांच्या पानाला तर मी हातच लावत नसे. सकाळी सकाळी कोण गेलं ते कशाला ऐकायचं?

"मधला खाऊ नको गो," बाबा म्हणायचे. मालवण सोडून अख्खा जन्म गेला, तरी घरात त्यांची भाषा तीच.

"बाबा, मला उशीर होतोय."

एकदोनदा त्यांनी "परत वाच" म्हटलं तेव्हा मी पेपर आपटला होता. पुढे त्यांनी म्हणणंच सोडलं. मला वाटलं, चला, सवय झाली त्यांना माझ्या वेगाची.

मग एक दिवस चहा पिताना त्यांनी विचारलं, "पेपर वाचून दाखवणारा यंत्र गावता काय गो? माझो मी आयकतलंय."

मला बरं वाटलं. बाबांना स्वतःचं स्वतः वाचता आलं तर आणखी काय हवं? फोन देऊन बघितला, पण गुळगुळीत काचेवर बोट कुठे टेकवायचं ते त्यांना कळेना. त्यांना दाबल्यावर खट्ट वाजणारी कळ हवी होती. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप पडून होता, लिनक्स नावाची सिस्टिम घातलेला. त्यात मजकूर बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅमही होता. त्याने इंटरनेटवरच्या मराठी पेपरातली पहिली बातमी वाचली आणि बाबा म्हणाले, "ह्यो दात काढून इलेलो दिसता."

त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बरी बोलायची, पण ती माझ्या जुन्या सिस्टिमसाठी तयार मिळत नव्हती. मिळत होता तो फक्त सोर्स कोड. म्हणजे पीठ नाही, गहू मिळणार, दळून आपण घ्यायचं. हे दळणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. मी म्हटलं, झकास, रविवारी सकाळी बसते, नाश्त्यापर्यंत होईल.

तीन रविवार गेले.

पहिल्या रविवारी कंपायलरने चाळीसेक ओळींच्या एरर ओकल्या. मी घाईघाईने शेवटची ओळ उचलली, इंटरनेटवर टाकली आणि कुणी तरी सुचवलेली कमांड जशीच्या तशी चिकटवली. मग दुसऱ्या एरर आल्या. खरं दुखणं पहिल्याच ओळीत होतं: आवाजासाठी लागणारी एक फाइल माझ्या मशीनवर नव्हती. बाकीच्या ओळी त्या एका गोष्टीचं रडगाणं होत्या. आधी पहिली ओळ वाचा, हे मी ऑफिसात नव्या मुलींना शिकवते. घरी मात्र स्वतःच ते विसरले. ती फाइल कुठल्या पॅकेजमध्ये येते ते शोधून घालण्यात दुसरा रविवार संपला.

तिसऱ्या रविवारी कंपायलर न कुरकुरता पुढे गेला. मी कांदेपोहे करायला उठले. परत येऊन बघते, तर अगदी शेवटच्या पायरीला, मराठी उच्चारांचा कोश तयार होताना, गाडी अडकलेली. अशी फाइल किंवा फोल्डर नाही, एवढं म्हणून थांबलेली. फाइल तर माझ्या डोळ्यांसमोर होती! मी सगळं पुसून पुन्हा चालवलं. तीच एरर. पॅकेज पुन्हा घातलं. तीच एरर. दुपार झाली, पोहे ताटात कडक झाले आणि माझं डोकं फिरलं.

"वाट लागली आहे याची. राहू दे, बाबा. नाही होत."

बाबा खुर्चीत बसून होते. सकाळपासून हलले नव्हते. "ता काय बोलता?" त्यांनी विचारलं.

"फाइल नाही म्हणतो."

"तसा नको. पुरा वाच. मशीन अडली की आधी ती काय बोलता ता पुरा आयकाचा. हात मागसून लावचो."

"बाबा, इंग्रजीत आहे सगळं. तुम्हाला काय कळणार?"

"वाच तू."

मी चिडूनच वाचायला घेतलं. एकेक शब्द, मुद्दाम सावकाश, कंटाळले की थांबवतील म्हणून. कमांडचं नाव, स्लॅश, होम, स्लॅश, बाबांचा, अपूर्णविराम, नो सच फाइल...

"थांब. माझा नाव कित्याक त्यात?"

"हे सगळं ज्यात ठेवलंय त्या फोल्डरला मी 'बाबांचा आवाज' असं नाव दिलंय."

"मगे पुढचा खय गेला? ता तर नुसता 'बाबांचा' बोलता."

मी ओळ पुन्हा बघितली. 'आवाज' नव्हता. मी फोल्डरच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली होती आणि तो प्रोग्रॅम त्या जागेपाशी नाव संपलं असं समजून 'बाबांचा' नावाचं फोल्डर शोधत होता. ते कुठून असणार? ती ओळ मी त्या दिवशी दहा वेळा तरी पाहिली होती, पण पाहताना मधलं सगळं गाळलं होतं.

फोल्डरचं नाव नुसतं 'आवाज' केलं आणि पहिल्यापासून पुन्हा दळायला घातलं. "माझा नाव काढलंस ता काढलंस," बाबा म्हणाले. संध्याकाळच्या आत प्रोग्रॅम बोलायला लागला.

कळा बोटांना कळाव्यात म्हणून मी त्यांच्यावर माझ्या खड्याच्या टिकल्या चिकटवल्या. "परत वाचूची कळ असा मा?" एवढं एकच बाबांनी विचारून घेतलं. मी एक खडा पुढच्या बातमीला दिला आणि दोन खडे परत वाचायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि बाहेर बाबा पेपर ऐकत होते. राजकारण त्यांनी भराभर खाल्लं, त्याचं मला हसू आलं. मग ते निधनवार्तांवर आले. मुलुंडच्या एका गृहस्थांची चार ओळींची बातमी होती. ती संपली. खट्ट. तीच बातमी पुन्हा. खट्ट. पुन्हा. चौथ्यांदा सुरू झाली तेव्हा मी पिठाच्या हातांनी बाहेर आले.

"बाबा, ऐकू येत नाहीये का? आवाज वाढवू?"

"येता गो. पुरा कळला. माझ्या बाजूच्या मशीनवर होतो ह्यो. वीस वर्षां एका डब्यात जेवलंव आमी."

"मग सारखं तेच का लावताय?"

"एकदा आयकून भागत नाय." त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. चांगल्या मशीनचं कौतुक करताना ठेवायचे तसा. "आनि ह्यो चिडत नाय."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलट काही तरी बोलले असते. मला फार लाज वाटली. मी वाचत असते तर हे पान आमच्या घरात आलंच नसतं, आणि आलं असतं तरी बाबांनी मला 'परत वाच' म्हटलं नसतं.

मी गॅस बंद केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बाबांनी पाचव्यांदा कळ दाबली. चारही ओळी आम्ही दोघांनी ऐकल्या.