लक्षणे सुरू झाल्याची तारीख

मंगळवारी सकाळी आशाताईंनी माझ्या बहिणीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा एकसष्ट आला. शुक्रवारी ती गेली.

करोनाची दुसरी लाट होती. शाळा बंद होत्या आणि आम्हा शिक्षकांना घरोघरी पाहणीचं काम दिलं होतं. आमचं गाव पुणतांब्याच्या पलीकडे, गोदावरीच्या काठाला. अर्ध्या गावाचा तक्ता माझ्याकडे होता. घरातली माणसं, ताप, खोकला, ऑक्सिजन आणि लक्षणे सुरू झाल्याची तारीख, असे त्याचे रकाने. आरोग्य खात्याच्या आशाताई मोजायच्या, मी लिहायचो. संध्याकाळी सगळं उपकेंद्राला कळवायचं.

लोक खरं सांगत नसत. सांगितलं की नेतात, आणि नेलेलं माणूस परत येत नाही, असं गावात पक्कं झालं होतं. एका ओसरीवर आजीबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"ती बंदूक कपाळाला नका लावू गुरुजी. आमी काय चोर हाय का?"

"मग आत खोकतंय कोण?" आशाताईंनी विचारलं.

"टीव्ही हाय."

"टीव्हीला पण गोळ्या देऊन जाते," असं म्हणून आशाताई आत शिरल्या. आत म्हातारीचा लेक तापाने फणफणला होता.

हळूहळू मलाही लपवलेलं आजारपण कळायला लागलं. गोठ्यात खाट टाकलेली दिसली, एप्रिलच्या उन्हात वाळत घातलेली गोधडी दिसली, की मी थांबायचो. त्या दिवसांत मला या नजरेचा थोडा अभिमानही वाटू लागला होता, हे लिहायला हवं.

घरी आम्ही दोघंच. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि तेव्हापासून घर तिचंच होतं. मी बाहेरून रोग आणीन, ही एकच भीती मला होती. म्हणून मी अंगणातच आंघोळ करायचो, ओसरीवर जेवायचो, ओसरीवरच झोपायचो. ती ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायची. ऑक्सिमीटर दिवसभर आजारी माणसांच्या बोटांना लागलेला असे. रात्री तो पिशवीसकट आमच्या न्हाणीबाहेरच्या खुंटीला टांगलेला राही. घरात आणायचा नाही, असा नियम मीच केला होता.

तक्त्यात आमच्या घराचीही ओळ होती. ती मी अंगणातून विचारून भरायचो.

"अक्का, बरी आहेस ना?"

"हजर," ती आतून म्हणायची. "मास्तर, गावाची हजेरी झाली असेल तर आता जेवा."

मी निरंक लिहायचो. शेवटी शेवटी ती नुसतं "बरी आहे" एवढंच म्हणू लागली. इतरांच्या दारात एवढ्यावर मी पुढे गेलो नसतो. अंगणात उभा राहून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

मंगळवारी आशाताई मला न्यायला आल्या. अक्का दाराशी चहाचा कप ठेवायला वाकली आणि चौकटीला धरून उभी राहिली. आशाताई माझ्याशी बोलता बोलता थांबल्या.

"गुरुजी, ताईंचे ओठ बघा."

मी बघितले. मग त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. आकडा पाहून मला यंत्र बिघडलंय असंच वाटलं. मी ते माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. पुन्हा तिच्या बोटाला लावलं. एकसष्ट. चुलीपाशी नुकत्याच थापलेल्या दोन भाकऱ्या होत्या. त्या आकड्यावर माणूस भाकरी थापू शकतं, हे मला आजही खरं वाटत नाही.

"कधीपासून गं?" मी विचारलं.

"तुला ड्युटी होती," ती म्हणाली.

कोपरगावला दोन दवाखान्यांत खाट नव्हती. तिसरीकडे दुपारी मिळाली. मला आत सोडलं नाही. तिच्याशी पुन्हा बोलणं झालं नाही. शुक्रवारी दवाखान्यातल्यांनी लांबून दाखवली आणि तिथूनच स्मशानात नेली.

काही दिवसांनी तालुक्यातून डॉक्टरांचा फोन आला. मृत्यूचा तपशील भरायचा होता. रोग कुठून आला आणि पुढे कुणाकुणाकडे गेला असेल, हे लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवरून मागे-पुढे मोजतात. त्यांच्यासमोर माझाच तक्ता होता. सोमवारपर्यंत निरंक, मंगळवारी एकसष्ट. त्यांनी शांतपणे विचारलं, हे कसं. मी सांगितलं, आमच्या घरी मी मोजलं नव्हतं, नुसतं विचारून लिहिलं होतं.

"लक्षणं सुरू झाल्याची तारीख काय लिहू?" त्यांनी मग विचारलं.

मी तिचे मागचे दिवस आठवत राहिलो. उंबऱ्यावरचं ताट आठवत होतं, त्यात काय वाढलं होतं तेही आठवत होतं. तिचा चेहरा एकाही दिवसाचा आठवेना.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी तसंच लिहिलं.

आता मी घरात झोपतो. स्वयंपाक स्वतः करतो. ती कोणत्या दिवशी आजारी पडली, हे मला अजून माहीत नाही.