आईला वाचता येत नाही

"शेवटी भाषा रक्तात असावी लागते," काकू म्हणाल्या आणि चिवड्याची बशी आईपुढे सरकवली.

अमेरिकेत, फ्रिस्कोमधल्या त्यांच्या घरी दर महिन्याला आमचा वाचनकट्टा भरतो. त्या शनिवारी मी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एका पोलिश कवयित्रीवर बोलले होते. ती ज्यू होती. वर्तमानपत्रांत तिच्याविषयी छापून यायचं, पोलिश ही हिची भाषाच नव्हे. संपादक सुचवायचे, आडनाव बदला. तिने बदललं नाही. प्रत्येक पुस्तकावर बापाचं आडनाव छापलं. हे मी वीस मिनिटं भारावून सांगितलं. आणि कट्ट्यावर मी स्वतः वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावत होते. आमचं खरं आडनाव ऐकलं की जात कळते.

"आपल्याकडेही आहेतच की," काकू पुढे म्हणाल्या. "आरक्षणातून आले, आता कविता लिहितात. सगळं रडगाणं."

लोक हसले. मीही हसले.

मग रिवाजाप्रमाणे त्यांनी पाहुणीला विचारलं, "मावशी, तुम्ही काही वाचणार?"

आई नागपूरहून आली होती. मांडीवर तिच्या कवितांची वही. पहिल्याच पानावर 'जय भीम' लिहिलेलं. तिने चष्मा लावला. मी घाईने म्हणाले, "आईला वाचता येत नाही."

तीस वर्षं तिने शाळेत मुलांना वाचायला शिकवलं. मलाही तिनेच.

तिने चष्मा काढला. वही पिशवीत ठेवली. गाडीत एवढंच म्हणाली, "तुझी ती कवयित्री चांगली होती गं."

परत गेल्यावर चार महिन्यांत आई गेली. वही मी घेऊन आले. त्या दिवशी कट्ट्यावर वाचायच्या कवितेपाशी तिने विमानाच्या बोर्डिंग पासाचा तुकडा खूण म्हणून घातला होता. तो अजून तिथेच आहे.

गेल्या महिन्यात मी कट्ट्यावर उभी राहिले. आधी खरं आडनाव सांगितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. आई शिक्षिका होती." आणि पहिल्या पानापासून वाचलं.

काकू म्हणाल्या, "अगं, आधी सांगायचंस ना. आम्ही असलं काही मानत नाही."

"मानता. मी ऐकलंय. तुमच्याबरोबर हसलेय."



शरम गेलेली नाही. जाऊही नये. वहीत त्रेपन्न कविता आहेत. दर महिन्याला एक वाचीन. काकूंनी दार उघडलं नाही तर लायब्ररीत वाचीन. आडनाव गाळून मात्र कुठेही नाही.