शेळीचं सापकातडं

काल सुनेनं पर्स शिवायला सापाच्या खवल्यांचं कातडं आनलं. माझा हात आपसूक डोक्याकडनं शेपटीकडं फिरला. उलटा फिरवला की खवलं बोटं कापायची. जवानी माझी खऱ्या सापाच्या कातड्याच्या पर्सा शिवन्यातच गेली. नागपंचमीला ती कातडी लुगड्यानं झाकायची आन् मग भिंतीवरच्या नागोबाला दूध दावायचं. मान वर व्हायची न्हाई. पोटात पोर असताना म्हनायची, ह्याचं पाप लेकराला लावू नको, देवा.

सून हसली. "आत्याबाई, शेळीचं हाय ते, वर नुसता छाप मारलाय. चावत न्हाई!"

मी हात उलटा फिरवला. कायबी टोचलं न्हाई.

"पंचमीला झाकायचं का?" सुनेनं इचारलं.

"नको," म्हनलं. "बघू दे की नागोबाला."