दुसरा सेल चालत नाही

दिवस मावळला की अप्पांना दिसत नाही. रातांधळेपणा तरुणपणापासूनचा, वयाबरोबर वाढत गेला, आणि यावर औषध नाही असं सांगून डॉक्टरांनी हात वर केले. पायापुढे प्रखर उजेड पडला तर मात्र माझ्या वडलांना वाट कळते. दुधनीचं आडत दुकान बंद करून ते माझ्याकडे सोलापुरात राहायला आले, तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट: संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या कट्ट्यावर जायचं आणि एकट्यानं जायचं. कोणी हात धरून नेलेलं त्यांना खपत नाही. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं ते म्हणतात.

माझा थोरला भाऊ, अण्णा, बंगळुरूला असतो. मागच्या दिवाळीला त्यानं अप्पांसाठी एक महागडी परदेशी टॉर्च पाठवली. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतात तो सेल. ही बॅटरी मुठीत मावायची, पण बटण दाबलं की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून उभं राहायचं. चार्जिंगची वायर बुडाला लोहचुंबकानं चिकटायची. अप्पांनी आधी ती देवापुढे ठेवून तिला विभूती लावली. मग कट्ट्यावर "आमच्या थोरल्यानं पाठवली" हे इतक्यांदा सांगितलं की ते दिसले की तिथली म्हातारी मंडळी आधीच म्हणायची, "व्हय, म्हाईत हाय, थोरल्यानं पाठवली." सकाळच्या गोळ्या, डोळ्यांतले थेंब, पथ्याचं जेवण हे कोण बघतं, हा विषय तिथं कधी निघाला नाही. राबायचं मी आणि मिरवायचं त्यानं, ही आमच्या घरची जुनी वाटणी आहे.

उन्हाळा लागला तशी बॅटरी मंदावली. अप्पांनी मला न विचारता ठेवणीतला उपाय केला. पूर्वी रेडिओचे सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, आणखी दोन दिवस बातम्या ऐकू यायच्या. अप्पांनी हाही सेल काढला आणि गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवून दिला. एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन, त्यात पत्रा. मी पतपेढीतून परतले तेव्हा सेलचं वरचं आवरण आक्रसून फाटलं होतं आणि त्याला हात लावायची सोय नव्हती. फुटला नाही हेच नशीब. त्यानंतर तो चार्ज होईना.

"अप्पा, चार्जिंगचा सेल उन्हानं मरतोय," मी म्हणाले.

"आमचे जगायचे की," ते म्हणाले, जणू चूक सेलचीच.

त्या दिवसापासून कट्टा सुटला. अप्पा संध्याकाळभर खुर्चीत बसून राहायचे. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मी अण्णाला फोन लावला, तसलाच एक सेल पाठव, बाकी काही नको म्हणून. तो म्हणाला, "अगं, सुटा लिथियम सेल कुरिअरवाले सहज घेत नाहीत. बघतो." अण्णाचं 'बघतो' मी ओळखून आहे. अव्वा, आमची आई, अंथरुणाला खिळली होती तेव्हाही तो शेवटपर्यंत बघतच होता.

शेवटी अप्पांना रिक्षात बसवून मी बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात नेलं. दुकानदारानं पहिला सेल घातला, तो आत खुळखुळला. दुसरा जाडीला, लांबीला बरोबर बसला, झाकणही फिरलं, पण उजेड नाही. त्यानं आमचा मेलेला सेल उलटसुलट करून पाहिला आणि हसला.

"ताई, बाकीच्या सेलला प्लस एका टोकाला आन् मायनस दुसऱ्या टोकाला आसतंय. ह्या कंपनीनं दोनी एकाच टोकाला दिल्यात. म्हंजे माणसानं त्यांचाच सेल घ्यावा. मापाचा आसला तरी परका चालत न्हाय. सोयरिकीसारखं हाय बगा. जात जुळून भागत न्हाय, पोटजातबी जुळाय पायजे."

अप्पा कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. "मग बरोबरच हाय की! पोटजात बघायलाच पायजे."

मला हसू आलं नाही. मला वैरागचं स्थळ आठवलं. मुलगा शिक्षक होता. मला तो आवडला होता, त्यालाही मी पसंत होते. जात एकच, पोटजात वेगळी. ते कळल्यावर अप्पांनी चहा व्हायच्या आत त्या लोकांना वाटेला लावलं. पुढच्या प्रत्येक स्थळात त्यांना काही ना काही खोट दिसत गेली आणि मग स्थळं यायचीच थांबली. अण्णानं मात्र बंगळुरूत जातीबाहेरची, परप्रांतातली बायको केली, तेव्हा अप्पा चार दिवस रुसले आणि नंतर म्हणाले, "काळ बदललाय, आपणबी बदलाय पायजे." काळ नेमका मुलाच्या लग्नाला बदलला होता. हा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

दुकानदारानं साध्या सेलवर चालणारी दुसरी चांगली बॅटरी दाखवली. उजेड भरपूर होता. अप्पांनी तिला हातही लावला नाही. "थोरला सेल पाठवतोय की. घाई काय हाय?"

सेल आला नाही. एका संध्याकाळी अप्पा आपणहून उठले, चाचपडत चपला घातल्या आणि माझ्यापुढं हात केला. "चल, सोड मला कट्ट्यावर." मी त्यांना हाताला धरून नेलं. गल्लीत कोणी भेटलं की ते मान खाली घालायचे.

कट्ट्यावर त्यांना जागा करून दिली. एक म्हातारा म्हणाला, "नशीबवान हाईस गड्या. लेक लई करती तुजं."

"व्हय तर," अप्पा म्हणाले. "माज्यासाठी तिनं लगीनबी केलं न्हाय."

हे ते अगदी कौतुकानं म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. अप्पांना ते खरंच वाटत होतं, हे मला सोसेना.

"मी केलं न्हाय असं न्हाय, अप्पा. तुमी करू दिलं न्हाय."

अप्पा पुटपुटले, "चारचौघांत कशाला आता ते? चल घरी."

उठून त्यांनी हात पुढे केला. अंधारात तो भलतीकडेच गेला, मी नव्हते तिकडे. मी तो तसाच राहू दिला. मग धरला. पुढे गटार उघडं होतं.