जावांच्या नाटकाचा शेवट

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी वाशीमला मामांकडे राहून गाणं शिकत होते. आमचं संगीत विद्यालय म्हणजे कापसाच्या बाजारालगतच्या माडीवरच्या दोन खोल्या. सकाळी मुलगे शिकायचे, दुपारी आम्ही चौघी मुली. दर वर्षी दिवाळीच्या आधी विद्यालयाचं नाटक व्हायचं, तेही पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी गाजवलेलं.

त्या वर्षी पेरण्या आटोपल्यावर गुरुजींनी सगळ्यांना एकत्र बसवलं. म्हणाले, "तुम्ही पदं छान म्हणता, पण दुसऱ्यासारखी म्हणता. तान कुठे घ्यायची तेसुद्धा ग्रामोफोनची तबकडी ऐकून ठरवता. यंदा असं नाटक करू की ज्याची तबकडीच नाही."

नाटक लिहायचं काम त्यांनी हायस्कुलातल्या मराठीच्या मास्तरांना दिलं. मास्तर मेडशीकडचे, कविता करणारे, बोलताना डोळे मिटून घेणारे. पौराणिक काही येईल असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी आणली दोन जावांची गोष्ट. भाऊ भांडतात, वावराची वाटणी होते, मधे धुरा, म्हणजे बांध, पडतो आणि एका ताटात जेवलेल्या जावा एकमेकींशी बोलायच्या बंद होतात. एवढंच. पण त्यातली माणसं आमच्यासारखी बोलत होती. पहिलं वाचन ऐकताना मला बसवेना.

धाकटी जाऊ मी करावी असं गुरुजी म्हणाले. तोवर आमच्याकडे नाटकात बायकांची कामं पुरुषच करत. मामा म्हणाले, "मानोऱ्याले विचारल्याबिगर मी हो म्हणत नाही." मी बाबांना विचारायला मानोऱ्याला, आमच्या गावी, गेले. बाबा बराच वेळ बैलांना चारा टाकत राहिले, मग म्हणाले, "मायले संग घेऊन जा." झालं. आई बैलबंडीत बसून माझ्याबरोबर वाशीमला आली आणि रोज तालमीत कोपऱ्यात बसून वाती वळू लागली.

ते दिवस आठवले की अजूनही अंगात तरतरी येते. मास्तर शाळा सुटली की नवं पद घेऊन जिना चढत. गुरुजी पेटीवर चाल शोधत आणि मला म्हणत, "हे म्हणून बघ." एकच ओळ भीमपलासात, मग पिलूत, मग बायका कापूस वेचताना म्हणतात त्या ढंगात. सारंगी वाजवणारे चाचा मान हलवायचे किंवा गज खाली ठेवायचे. गज खाली ठेवला की ती चाल बाद. सकाळी जगात नसलेलं गाणं संध्याकाळी माझ्या गळ्यात असायचं.

मग तिसरा अंक आला. त्यात धाकटी जाऊ दुःख सहन न होऊन विहिरीत उडी टाकते. मरण्याआधी तिला लांबलचक भैरवी. पद सुंदर होतं. पण मला ते म्हणताच येईना.

"मास्तर," मी शेवटी विचारलं, "ती मरते काहून?"

"नाटक शोकांत आहे," मास्तर म्हणाले.

"पण तिची वेचणी तोंडावर आली. लेकरू रांगून राह्यलं. ती विहिरीवर पाणी आणाले जाईन, उडी टाकाले नाही."

मास्तर कागद गोळा करून जिना उतरले. आईने वाती वळायच्या थांबवल्या. गुरुजी रागावले नाहीत. "तू विचारलंस ते ठीक," म्हणाले, "आता ते येईपर्यंत पहिले दोन अंक पक्के करू."

मास्तर आठवडाभर फिरकले नाहीत. नाटक बुडालं, अशी कुजबुज सुरू झाली. मग एका दुपारी ते धापा टाकत वर आले. "गावी गेलो होतो," ते म्हणाले. "माझ्या दोन्ही वहिन्यांना शेवट वाचून दाखवला. दोघी पदर तोंडाला लावून हसल्या." आणि उभ्याउभ्याच नवा शेवट वाचू लागले.

पहिल्या वेचणीची सकाळ. आमच्याकडे त्या दिवशी सीतादही करतात, म्हणजे दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच बोंडांना हात लावतात. धाकटी आपल्या वाट्याच्या वावरात एकटीच पूजा मांडते. धुऱ्यापलीकडे थोरलीही तेच करत असते. दोघी एकच गाणं म्हणू लागतात, एकमेकींकडे न बघता.

गुरुजींनी पेटी पुढे ओढली.

पण थोरली जाऊ करणार होता कचेरीतला एक कारकून. तो आडदांड, मऊ आवाजाचा, मी त्याला भाऊ म्हणायची. त्याची पट्टी काळी एक, माझी काळी तीन. माझ्या पट्टीत त्याचा आवाज फाटायचा, त्याच्या पट्टीत माझा बुडायचा. दोन दिवस रडकुंडीला आलो. मग चाचा म्हणाले, "इसका मध्यम, उसका षड्ज. लडने दो दोनों को." गुरुजींचा चेहरा उजळला. तीच चाल भाऊने खाली म्हणायची, मी माझ्या पट्टीत वर, आळीपाळीने. शेवटच्या ओळीला त्याने नुसता आपला मध्यम, म्हणजे माझा सा, धरून ठेवायचा आणि मी त्यावरून गात जायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा भाऊ पुढचा शब्दच विसरला आणि मला हसू आवरेना.

नाटक जिनिंग कारखान्याच्या रिकाम्या गोदामात झालं. हंगाम सुरू व्हायचा होता. मानोऱ्यापासूनच्या बंड्या सुटल्या होत्या, बायका लेकरांसकट आल्या होत्या. माझ्या पहिल्या पदाला आवाज थरथरला. दुसऱ्यापासून मला गोदामही दिसेना.

शेवटचं गाणं सुरू झालं. भाऊने मध्यम धरला, सारंगी त्यात मिसळली, मी वर गेले. बायकांच्या बाजूने कुणीतरी माझ्याबरोबर ओळ म्हणू लागलं, मग आणखी काही जणी. नव्या नाटकातलं गाणं, त्यांनी कधी ऐकलेलं नाही, आणि दुसऱ्या फेरीला त्यांच्या तोंडी. थोरलीने धुऱ्यावरून दहीभाताचं ताट पुढे केलं आणि पडदा पडला.

आत मास्तर बांबूला धरून उभे होते. "पुन्हा करू," एवढंच म्हणत होते. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "गळा बसला असन तुझा, कोमट पाणी पे," म्हणाली.

त्याच आठवड्यात जवळच्या मालेगावहून नाटकासाठी बोलावणं आलं. गुरुजींनी मात्र दुसऱ्या दिवशी आम्हाला नेहमीसारखं पलट्यांना बसवलं. सा रे ग, रे ग म. आम्ही गात होतो, आणि मधेच गुरुजीच थांबून विचारत होते, "मालेगावला स्टेजवरचा धुरा मोठा करायचा का?"