झाकण काढायचं राहिलं

१४ मार्च, रविवार. स्टुडिओ आठला उघडला. एकूण एकेचाळीस फोटो. अकरा पन्नासला एक बाळ रडायचं थांबेना, म्हणून त्याच्या आजीला आधी बसवलं. बारा दहाला पोस्टमन आणि त्यांची मुलगी, क्रमांक सत्तावीस. मुलीच्या अंगावर आईची निळी शाल, टोकाला पांढरं रफू. दीडला चहा. गुडघा ठीक.

ही नोंद मी नंतर किती वेळा वाचली असेल, सांगता येत नाही. चूक तिच्यातच आहे, बारा दहाला, माझ्याच सुवाच्य अक्षरात.

स्टुडिओ आमच्या समोरच, शिंप्याच्या दुकानावर. मालकांना सगळे ‘हलूनका’ म्हणतात. पन्नास वर्षं येईल त्याला ‘हलू नका, हलू नका’ सांगणारा हा माणूस स्वतः मात्र घडीभर एका जागी ठरत नाही. चहा उभ्याने, पेपर येरझाऱ्या घालत. त्यांची बायको माझी मैत्रीण. ती म्हणायची, “यांचा फोटो काढायचा तर आधी खुर्चीला बांधावं लागेल.”

शेवटची दोन वर्षं तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे. एका संस्थेची गाडी यायची, दारातून उचलायची, दारात सोडायची, पैसे न घेता. ती गेली आणि महिन्याभरात हलूनकांनी स्टुडिओच्या दाराला कागद चिकटवला: वर्षातला एक रविवार, कुणीही या, फोटो काढून घ्या, जमेल ते पेटीत टाका, सगळं त्या गाडीसाठी. यंदाचं हे चौथं वर्ष.

त्यांचा कॅमेरा वडिलांच्या वेळचा, लाकडी. आणि त्यांची एक युक्ती होती. पहिला क्लिक खोटा. माणसं श्वास रोखून खांबासारखी बसतात. क्लिक ऐकलं की ‘सुटलो’ म्हणून खांदे सोडतात. नेमकं तेव्हा ते खरा फोटो घेत. फक्त मधल्या क्षणात फिल्मवरचं पातळ काळं झाकण ओढून काढायचं असतं. घाईच्या माणसाचं तेच राहतं. म्हणून बायको मागून सांगायची, “झाकण!” तिच्यामागे ते काम माझ्याकडे आलं.

“तुम्ही काटेकोर आहात, वहिनी,” ते म्हणाले होते. “कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या हाताखाली शिकलेल्या. तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही.”

सोमवारी अकराला ते धापा टाकत माझा जिना चढून आले. हातात एक फिल्म, काचेसारखी कोरी.

“सत्तावीस कोण होतं, वहिनी?”

मी डायरी उघडली. वाचून दाखवायची हिंमत झाली नाही, बोट ठेवलं.

पोस्टमन आता स्वतः त्याच गाडीने डायलिसिसला जातात. मुलगी मंगळवारी दुपारच्या विमानाने नोकरीवर निघणार होती, दोन वर्षांसाठी. दोघांचा एकत्र असा एकही धड फोटो नव्हता, म्हणून तर ते आले होते.

“फिल्म खराब निघाली म्हणून सांगू का?” हलूनकांनी विचारलं आणि स्वतःच मान हलवली. “नको. हिने मला उभा जाळला असता.”

“भाऊजी, चूक माझी आहे. मी ‘झाकण’ म्हटलंच नाही. शालीचं लिहीत होते.”

“शालीचं काय?”

“रफू होतं. पांढरं.”

त्यांनी खोलीला तीन फेऱ्या मारल्या. मला वाटलं, आता ओरडतील. खिडकीशी थांबून म्हणाले, “मग ते फोटोत यायलाच हवं.”

फोन मीच केला, आणि खरं काय ते सांगितलं.  पोस्टमन म्हणाले, “उद्या सकाळी आठला माझं मशीन. पोरगी मला सोडून तिथूनच विमानतळावर जाणार. आता कुठला फोटो?”

“साडेसातला, तिथेच,” मी म्हटलं. हलूनकांना विचारलंही नाही.

उरलेला सोमवार पायाला चाकं लावल्यासारखा गेला. एकच कपाट दोनदा आवरलं. समोर स्टुडिओच्या खिडकीत सावली इकडून तिकडे, तिकडून इकडे.

मंगळवारी गाडी आम्हालाही घ्यायला आली. कॅमेरा, त्याचा तीन पायांचा स्टँड, काळं कापड बघून ड्रायव्हर म्हणाला, “यालापण डायलिसिस लागलं का?” आत पोस्टमन आणि मुलगी बसलेले. ती शाल पांघरून, डोळे सुजलेले. हलूनका दर सिग्नलला पुढे वाकून “किती वेळ?” विचारत होते. चौथ्यांदा ड्रायव्हर म्हणाला, “काका, हलू नका.” कुणी हसलं नाही.

केंद्राच्या व्हरांड्यात उजेड बरा होता. नर्सने पाच मिनिटं दिली. बाकावर बापलेक बसले, दोघंही ताठ, जणू कुणी रागावलं होतं. मी डायरी पिशवीत टाकली आणि पिशवी ड्रायव्हरकडे दिली.

पहिला क्लिक.

“झाकण!” मी इतक्या जोरात ओरडले की नर्स बाहेर धावत आली. “आजी! इथे पेशंट आहेत!”

पोस्टमनना हसू फुटलं. त्यांचं बघून मुलीला. ती हसता हसता बापाच्या खांद्यावर कलली, आणि हलूनकांनी ‘हलू नका’ न म्हणता दुसरा क्लिक केला.

मग नर्सने पोस्टमनना आत नेलं. मुलगी बंद दारापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि बॅग ओढत गेली.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. झाकण निघालेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीही. सहाला फोन वाजला.

“आलाय,” हलूनका म्हणाले. “बाप जरा हललाय.”

“आणि रफू?”

“दिसतंय. पोस्टमन म्हणतात, मुलीला फोनवर पाठवायचा नाही. टपालानेच जाईल, पत्ता ते स्वतः लिहिणार.”

१६ मार्च, मंगळवार. क्रमांक सत्तावीस पुन्हा घेतला, आला. न्हाणीघरातला बल्ब गेला. जिन्यातला काढून तिथे लावला.